तुसाची ओल ओळखणारे मामा

मामा सकाळी प्राणिगृहाचं दार उघडायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे आणि पहिल्या पिंजऱ्याचं झाकण बाजूला सारून उजवा हात अलगद आतल्या तुसात खुपसायचे. पांढरे उंदीर त्यांच्या मनगटावर चढत, बोटं हुंगत. मामा डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहत आणि मग पुढच्या पिंजऱ्याकडे वळत. सगळे पिंजरे झाले की भिंतीला टेकून मला बातमी द्यायचे, "चार नंबरचं पावणं पानी कमी प्यालंय. नऊ नंबरात दोघं बरी हाईत, तिसरा उगंच पडलाय. बाकी समदं झ्याक." त्यानंतर मी काट्यावर वजनं करायचे, शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून काचेवर पसरायचे, सूक्ष्मदर्शकात डोळे घालून मान मोडून घ्यायचे, आणि शेवटी वहीत जे लिहायचे ते मामांनी बहुतेक वेळा सकाळीच सांगितलेलं असायचं.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करत होते. मामा शिपाई म्हणून लागले आणि प्राणिगृहात कुणी काम करायला तयार नव्हतं म्हणून तिथं गेले, ते तिथलेच झाले. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं होतं. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, आणि मामा उंदरांना पावणं म्हणत. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "चार दिस येत्यात, खात्यात-पित्यात, जात्यात. मग पावणंच न्हवं का?"

माझा विषय ऐकायला जड होता, पण सांगायला सोपा. मलेरियात थंडी वाजून ताप येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातला एक प्रकार अंगात मुरला तर मूत्रपिंडांनाही धरतो, लघवी कमी होत होत बंद पडते, आणि घरचे मात्र तापाच्या पट्ट्याच बदलत बसलेले असतात. उंदरांचा एक वेगळा मलेरिया असतो, तो माणसाला होत नाही. तो उंदरांना टोचायचा, काहींना सातविणीच्या सालीचा अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी, आणि कुणाची मूत्रपिंडं कितपत तगतात ते बघायचं. आमच्या भागात तापावर सातविणीचा काढा देणारी माणसं अजून आहेत. त्या काढ्यात खरंच काही आहे का, एवढाच माझा प्रश्न होता.

पहिल्याच दिवशी मी पुस्तकात वाचलेल्या पद्धतीनं उंदीर शेपटीला धरून उचलला. मामांनी पुढं होऊन त्याच्या पोटाखाली तळहात धरला. "म्याडम, पावण्याला शेंडीला धरून घरात आनत्यात व्हय?" मी ओशाळले. मग त्यांनी शिकवलं. आधी तुमचा हात तिथं नुसता ठेवायचा, तुमचा वास त्याला कळू द्यायचा, मग ओंजळीत घ्यायचं. माझी ओंजळ जमायला पंधरा दिवस लागले. तोवर दोनदा चावून घेतलं. दोन्ही वेळा मामांनी आधी उंदराकडं बघितलं, मग माझ्या बोटाकडं.

पिंजऱ्यात अंथरायचं भाताचं तूस ते आजऱ्याच्या एका भातगिरणीतून मागवत. कॉलेजनं जवळच्या दुकानातून पोती आणली तर मामा पोत्याचं तोंड सोडून मूठभर तूस नाकाशी नेत आणि पोतं पुन्हा बांधून ठेवत. "ह्यो जुना माल हाय. ह्यात अगोदरच ओल हाय. मग पावण्याच्या लगवीची ओल कंची आन् तुसाची कंची, मला कसं कळावं?" खरेदी बघणारे गृहस्थ चिडत. मामा आवाज चढवून भांडत, कोल्हापुरी भांडण दोन मजल्यांवर ऐकू जाई, आणि आठ दिवसांनी आजऱ्याचं तूस येई.

मामांचं गाव मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरीच्या रस्त्याला लागून. सातविणीची साल आणायला आम्ही तिथंच गेलो. त्यांच्या बांधावर मोठं झाड होतं. मी चाकू घेऊन बुंध्याभोवती गोल कापायला सुरुवात केली तसे मामा ओरडले, "अवो, गळा कापताय की काय त्याचा! एका अंगानं काढा. दुसरं अंग त्याला ऱ्हाऊ दे." त्यांच्या बायकोनं, मामींनी, आम्हाला नाचणीची भाकरी आणि वरण्याच्या दाण्यांची आमटी वाढली आणि विचारलं, "ह्यो काढा आमी लहानपनापास्नं पितो. त्यात शिकायचं काय?" मामा घास गिळून म्हणाले, "किती प्यायचा, ते."

मला ते उत्तर तेव्हा गंमत वाटलं. त्याचा अर्थ कळायला पावसाळा उलटावा लागला.

प्रयोगात काही उंदीर पूर्ण निरोगी होते. त्यांना मलेरिया टोचलेला नव्हता, फक्त अर्क दिला जात होता; काहींना कमी मापानं, काहींना जास्त. एका सकाळी मामांनी बातमी दिली, "जास्त मापाच्या पावण्यांचं तूस कोरडं पडत चाललंय."

"मलेरियाचे असतील, मामा. पिंजरे अदलाबदल झाले असतील."

"अदलाबदल व्हायला मी काय झोपलोय व्हय?"

मी सरांना सांगितलं. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, फार चांगले गृहस्थ होते, पण त्या दिवशी हसले. "हात म्हणजे उपकरण नव्हे. आणि साधी झाडाची साल आहे, त्यानं काय होणार?" मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगायचं तर मला तसंच वाटायला हवं होतं. दोन वर्षं मी त्या सालीवर घालवली होती. पण मामा रोज तेच सांगत राहिले. पाचव्या दिवशी मी मुकाट्यानं त्या उंदरांचं रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली की रक्तात जे साठतं, ते साठायला लागलं होतं. मलेरिया नसताना. माझ्याच अर्कानं.

मी स्टुलावर बसून राहिले. मामांनी चहा आणून समोर ठेवला. "औषध वाईट न्हाय म्याडम. माप वाईट हाय. लिवा की तसं." मी लिहिलं. पुढं माझ्या प्रबंधातलं ते सगळ्यात उपयोगी प्रकरण ठरलं, पण त्या दिवशी चहा मला कडू लागला.

मामांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रयोग संपतो तेव्हा उंदरांना मारावं लागतं, त्यांची मूत्रपिंडं काढून तपासावी लागतात. भूल देऊन, नियमानं, पण मारावंच लागतं. त्या दिवशी बाकीचे लोक काहीतरी काम काढून बाहेर जात. मामा जात नसत. एकेकाला ओंजळीत घेऊन येत आणि तो निपचित होईपर्यंत हात तसाच ठेवत. "ज्यानं खायला घातलं त्यानं शेवटाला हुबं ऱ्हायाला पायजे," एवढंच म्हणत. त्या दिवशी ते जेवणाचा डबा उघडत नसत.

माझे बाबा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होते. लेक औषध शोधतेय, हे त्यांनी भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी पाऊस लांबला. फौंड्रीच्या आवारात टाकून दिलेल्या पत्र्याच्या पेट्यांत पाणी साचून राहिलं, डास माजले, आणि दूरच्या राज्यातून आलेले दोन कामगार तापानं फणफणून गावी गेले. मग बाबांना ताप आला. हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, थंडी, घाम. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "ह्या गोळ्यांनी काय हुईना. तुझं औषध आन की. उंदरं बरी हुत्यात आन् बाप होत न्हाय व्हय?"

रक्त तपासूया, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. बाबांनी ऐकलं नाही. सुया टोचून घ्यायला ते लहान मुलासारखे घाबरत. आणि आई माझ्याकडं बघत होती. आईचं ते बघणं घेऊनच मी कॉलेजात गेले. दुपारी प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून अर्काची छोटी बाटली काढली आणि पर्समध्ये टाकली. मनात सारखं चाललं होतं, कमी मापानं दिलं तर काय होतंय? गावोगाव लोक पितातच की.

जिन्यात मामा भेटले. त्यांनी पर्सकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कंच्या पिंजऱ्याला?"

 तिथंच पायरीवर बसून मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. मामा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "काल सकाळपास्नं लगवीला किती येळा गेल्यात?"

तापाचं, खाण्याचं, झोपेचं मी विचारलं होतं. तीन वर्षं मूत्रपिंडांवर काम करणाऱ्या मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. आईला फोन लावला. आई म्हणाली, "कालपास्नं एकदाच. आन् ती बी काळ्या चहासारखी. घाम लई येतोय, म्हनून आसंल."

मामांनी प्राणिगृहाला कुलूप लावलं. कामाच्या वेळेत त्यांनी कुलूप लावलेलं कॉलेजनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्या स्कूटरच्या मागं ते बसले, बाटली माझ्या पर्समधून काढून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती.

बाबा कॉटवर पडून होते. डोळे पिवळसर झालेले. तरी पाहुणा बघून उठायला लागले. "या पावणं, बसा."

"मी पोरीच्या कॉलेजात उंदरं सांभाळतो."

"व्हय व्हय, मामा तुमीच. बघा की, उंदरास्नी औषध पाजता आन् मला न्हाय म्हनत्यात."

मामा कॉटच्या कडेला बसले, बाबांचा हात हातात घेतला. "उंदीर असतासा तर आत्ता पाजलं असतं. ते हाय वीस-पंचवीस गिरामचं. त्याचं चुकलं तर आमी वहीत लिवतो. तुमचं चुकलं तर मी कुठं लिवू?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"ह्ये औषध अजून माणसाचं झालं न्हाय," मामा म्हणाले. "जवा हुईल तवा तुमाला पयला घोट. आज दवाखान्यात जाऊया. तुमच्या लेकीचं नाव हाय ह्या औषधावर. ते बुडवायचं हाय का तुमास्नी?"

बाबा उठले. सुईला घाबरणारा माझा बाप लेकीच्या नावाखातर उठला, मामांच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरला आणि रिक्षात बसला.

दवाखान्यात रक्ताच्या काचेवर मलेरिया दिसला, आणि तो त्याच वाईट प्रकारचा होता. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि विचारलं, "वेळेत आणलंत. लघवीवर लक्ष कुणाचं गेलं?" मी मामांकडं बोट दाखवलं. मामा लाजून खिडकीबाहेर बघायला लागले.

ताप तीन दिवसांत उतरला. लघवी मात्र येईना. दिवसाआड डायलिसिस चाललं होतं. नातेवाईक येत, बाबांच्या उशाशी बसून धीर देत. मामा रोज कॉलेज सुटल्यावर येत, पण उशाकडं जात नसत. ते सरळ पायथ्याला जाऊन वाकून कॉटखाली लटकणारी लघवीच्या नळीची पिशवी बघत. बाबा विचारत, "काय म्हनतंय?" मामा म्हणत, "दम धरा." एकदा आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे आसंच ऱ्हानार का गं कायमचं?"  मामांनी ते ऐकलं असावं. म्हणाले, "वैनी, हे अवयव लगीच मरत न्हाईत. रुसून बसत्यात. मी बघितल्यात उठल्याली." उंदरांचं बघितलंय, असं त्यांनी आईला सांगितलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी मामा वाकले ते वाकलेलेच राहिले. पिशवी हातात धरून त्यांनी उजेडाकडं केली. तळाशी थोडंसं, फिकट पिवळं पाणी जमलं होतं. मामांनी आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पावण्यांनी तूस भिजवलं!"

सिस्टर धावत आल्या, रागवायला. काय झालं ते कळल्यावर त्याही हसायला लागल्या. बाबांना अर्थ कळला नव्हता. मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते किती तरी वेळ हसत राहिले आणि हसता हसता रडले. दुसऱ्या दिवशी पिशवी अर्धी भरली. त्यानंतरच्या आठवड्यात डायलिसिस बंद झालं. बाबा घरी आले ते काठी टेकत, पण महिन्याभरात काठी कोपऱ्यात गेली. कामावर रुजू झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते आवारातल्या सगळ्या पेट्या स्वतः उभं राहून उपड्या करून घेण्याचं.

त्यानंतर मामा मला म्याडम म्हणेनासे झाले. पोरी म्हणायला लागले.

माझा प्रबंध पुरा झाला. अर्कानं मलेरिया गेला नाही, हे मी त्यात स्पष्ट लिहिलं. पण मलेरियाच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीनं, आणि कमी मापानं, दिला तेव्हा उंदरांची मूत्रपिंडं जास्त बरी राहिली, हेही लिहिलं. मोठं माप घातक, हे ठळक लिहिलं. तोंडी परीक्षेला मामा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, निरोगी उंदरांचं रक्त मधेच तपासावं असं तुम्हाला का वाटलं? मी म्हणाले, "मला वाटलं नव्हतं. ते मागं बसलेत त्यांना वाटलं." परीक्षक मागं वळले. मामा उभे राहिले, हात जोडले आणि पुन्हा बसले. बाहेर आल्यावर माझ्यावरच उखडले, "भर सभेत माणसाला हुबं करत्यात व्हय?" पण संध्याकाळपर्यंत त्यांची ती हकिकत कॉलेजातल्या निम्म्या लोकांना सांगून झाली होती.

मी आता त्याच कॉलेजात शिकवते. अर्काचं काम पुढं सरकतंय, सावकाश. त्यातला नेमका कुठला पदार्थ उपयोगी आणि कुठला घातक, ते वेगळं करण्यापर्यंत आम्ही आलो आहोत. मामा निवृत्त होऊन मलकापूरकडं गावी गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल दिली, भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "मला बोलता येत न्हाय. चार नंबरचं पानी बदलायचं ऱ्हायलंय, ते बदलून येतो." आणि खरंच उठून गेले.

गेल्या वर्षी एका रविवारी मी आणि बाबा त्यांना भेटायला गेलो. गावाजवळ रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं. बाहेरच्या राज्यातून आलेली मजूर कुटुंबं ताडपत्रीच्या झोपड्या घालून राहिली होती. मामींनी चहा ठेवता ठेवता सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी त्यातली एक बाई तापानं पडली. तिची भाषा इथं कुणाला येत नव्हती. तिचा नवरा कसला तरी पाला ठेचून पाजायच्या बेतात होता.

"आन् हे गेले की तिथं," मामी तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "लगवी म्हंजे काय, हे त्यांस्नी सांगता येईना. मग तांब्यातलं पानी बारीक धारंनं जमिनीवर वतत हुबं ऱ्हायलं आन् बोटं दाखवून इच्यारतंय, किती येळा, किती येळा! बाई लाजून गोदडीत शिरली. शेवटाला मीच गेले आन् तिच्या कानात खानाखुना केल्या."

मामा हसत नव्हते. "दोनदाच झालतं पोरी. आन् रंग बदलला हुता. दुधाच्या टेंपोत घातलं आन् ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्तात घावला मलेरिया. येळेत घावला. गोळ्यांवर भागलं."

आम्ही बोलत होतो तोवर ते जोडपं अंगणात आलं. रस्त्याचं काम पुढच्या टप्प्यावर चाललं होतं, त्यांचा मुक्काम हलणार होता. ती निरोप घ्यायला आली होती. तरुण, काटकुळी, पण चालण्यात जोर होता. मामींनी तिची ओटी भरली. ती मामांच्या पाया पडली आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बरं. पोचल्यावर फोन कर."

ट्रकमध्ये सामान चढलं होतं. ट्रक घाटाच्या दिशेनं निघून गेला. बाबा म्हणाले, "मामा, फोन आला तरी तुमाला काय कळनार? तिची भाषा कुठं येतीया तुमाला?"

"ती नुसतं मामा म्हनली तरी मला कळंल की, बरी हाय का न्हाय."

जेवणं झाली. ऊन उतरल्यावर आम्ही निघायची तयारी करत होतो तेव्हा मामांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आम्हाला हातानं गप्प राहायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग फोन मामींच्या हातात देत म्हणाले, "झ्याक हाय. घे, तू बी बोल."